कडेचा माणूस

पाचही फोटोंत एकच माणूस!

मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. चहाचा कप कीबोर्डवर आडवा व्हायचा तो थोडक्यात वाचला. पुन्हा पहिला फोटो उघडला. बुटांच्या दुकानाची काच, काचेत उमटलेला अख्खा चौक, आणि डाव्या कडेला लाल बादली घेतलेला एक माणूस. ठीक आहे, असतो एखादा. दुसरा फोटो बेकरीचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. उजव्या कडेला... तोच! तीच लाल बादली, तेच कपाळावर आलेले केस. तिसऱ्यात फुलांच्या दुकानाशी शिडीवर चढलेला. चौथ्यात चष्म्याच्या दुकानाबाहेर बादली पालथी घालून वर बसलेला, बिस्कीट खात. आणि पाचव्यात तर — बँकेच्या पायरीवर उभा राहून — चक्क माझ्याकडे बघून हसत होता.

"अगं बाई!" मी किंचाळलेच.

"काय झालं गं? परत कुणाचा नवरा पुसलास की काय?" मालकीणबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. मी एका फोटो स्टुडिओत कामाला आहे आणि माझं काम म्हणजे लोकांच्या फोटोंतली नको असलेली माणसं पुसणं. लग्नाच्या फोटोत मागे जांभई देणारा पाहुणा, समुद्रकाठच्या फोटोत मध्येच कडमडलेला कुत्रा, सहलीच्या फोटोत आता कुणीच ज्याचं नाव काढत नाही असा जुना मित्र. असं पुसते की त्या जागी कधी कुणी होतं हे सांगूनही पटू नये. एकदा घाईघाईत वेटर समजून एका नवरीचा सख्खा नवरा पुसला होता. मालकीणबाई अजून त्यावरून माझी खेचतात.

या शहरात मी नवीन. इतकी नवीन की रस्ता ओलांडताना आधी दुसरं कोण ओलांडतंय ते बघायचे आणि त्याच्या आडोशाने पलीकडे जायचे. ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पण डोळ्याला कॅमेरा लावला की भीती पळायची... म्हणून कामावर येण्याआधी रोज एक नवा रस्ता धरायचा आणि फोटो काढत सुटायचं, असं ठरवून टाकलं होतं. त्यातही मला वेड काचांचं. दुकानाच्या काचेत आतलं आणि बाहेरचं एकत्र दिसतं ना — बुटांवरून बस धावते, पावांच्या ढिगातून सायकलवाला निघतो — ते बघून मी वेडी व्हायचे. कडेला कुणी ना कुणी माणूस यायचाच. संध्याकाळी बसून मी त्याला पुसून टाकायचे. हाताला सवय, चेहरासुद्धा बघायचे नाही.

आणि आता शहराच्या वाचनालयात प्रदर्शन भरणार होतं, शहरात नव्याने आलेल्यांनी काढलेल्या फोटोंचं. माझे पाच फोटो निवडले गेले होते. पण नियम असा, की फोटोतून काही काढलेलं चालणार नाही आणि काही घातलेलंही चालणार नाही. जसा टिपला तसाच द्यायचा. म्हणून मूळ फोटो उघडायला गेले, तर हे प्रकरण.

दोन महिने! दोन महिने हा माणूस माझ्या मागावर होता आणि मी त्याला रोज, न बघता, पुसत होते. काळजात धस्स झालं. मग थोड्या वेळाने त्या धस्सचा राग झाला. समजतो कोण हा स्वतःला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नेहमीसारखी निघाले. नवा रस्ता, कधी न पाहिलेला. एक टोप्यांचं दुकान दिसलं, काच अशी लखलखीत की पाय आपोआप थांबले. आणि पुढच्याच दुकानापाशी... शिडी. लाल बादली.

"अहो! ओ बादलीवाले!"

त्याने खाली बघितलं. आणि हसला! "आज उशीर केलात," म्हणाला.

चोरी पकडली गेल्यावर माणूस पळतो, गयावया करतो... हा मला उशिराचं कारण विचारत होता!

"म्हणजे कबूल करताय तर!"

"काय?"

"माझ्या मागे मागे फिरता ते!"

त्याच्या हातातला वायपर सुटला आणि बादलीत पडला. साबणाचं पाणी थेट माझ्या बुटांवर.

"मी? तुमच्या मागे?" तो शिडीवरून उतरलाच. "चोराच्या उलट्या बोंबा! अहो, मी काचा पुसतो. पोटापाण्याचं काम आहे माझं. आज हा रस्ता, उद्या तो, माझा फेरा ठरलेला असतो. मी काच पुसून शिडी उचलतोय तेवढ्यात तुम्ही हजर. दोन महिने मी बघतोय — मी जाईन तिथे तुम्ही!"

"मी कशाला येऊ तुमच्यामागे? मी काचांचे फोटो काढते. चकचकीत काच दिसली की मी..."

आणि मी वाक्याच्या मध्येच थांबले. तोही थांबला. आम्ही दोघांनी एकदमच टोप्यांच्या दुकानाकडे बघितलं. काच अजून एका कोपऱ्यात ओली होती.

चकचकीत काच दिसली की मी थांबायचे. आणि काच चकचकीत असायची, कारण तो नुकताच तिथून हललेला असायचा! एवढं साधं, आणि मी रात्रभर जागून पोलिसांत काय सांगायचं ते पाठ केलं होतं. लाजेने मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे..." त्याचा आवाज एकदम खाली आला, "तुम्ही काचांचे फोटो काढत होता?"

"मग कशाचे?"

"काही नाही."

"नाही, सांगा ना."

त्याने वायपर झटकला, पुन्हा झटकला, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं... माझे."

"काय?"

"आता बघा ना. एक मुलगी, रोज, मी असेन तिथे, कॅमेरा रोखून... माणसाला काय वाटेल?" त्याचे कान लाल झाले होते. "मी रोज दाढी करायला लागलो. आधी आठवड्यातून एकदा करायचो."

मी दाबून धरलेलं हसू नाकातून बाहेर आलं.

"हसा. आईला पण सांगून बसलोय फोनवर."

"आईला? काय सांगितलंत?"

"की एक मुलगी माझे फोटो काढते. तर ती म्हणाली, तिला सांग उजव्या बाजूने काढ, डावा कान जरा मोठा आहे तुझा."

मी त्याचा डावा कान बघितला. होता खरा जरा मोठा. आणि मग मला असं हसू फुटलं की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तोही हसायला लागला. "वेडा आहेस का तू?" मी म्हणून गेले, आणि जीभ चावली. भांडता भांडता मी एकेरीवर आले होते. पुन्हा अहो-जाहोवर जायचं मात्र राहूनच गेलं.

"मग आलोय का मी? फोटोंत?" निघताना त्याने विचारलं.

"आलायस की."

"किती फोटोंत?"

"पाचही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही सांगवेना. पाचही फोटो प्रदर्शनात लागणार आहेत एवढंच सांगितलं. ते खरंच होतं. बाकीचं मी गिळून टाकलं.

त्या दिवसापासून आमचा फेरा एक झाला. तो काचा पुसायचा, मी फोटो काढायचे, मध्ये बादली पालथी घालून बिस्किटं. तोही इथला नव्हता. माझ्या वर्षभर आधी आलेला, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घ्यायचा.

"हे शहर मला कसं कळलं माहितीये?" एकदा म्हणाला. "सगळ्यांच्या नाकांचे ठसे पुसून. लहान मुलांचे खाली असतात, खेळण्यांच्या दुकानाला. मोठ्यांचे दागिन्यांच्या दुकानाला."

"आणि बँकेला?"

"बँकेला कुणी नाक लावत नाही गं. तिथे लोक कपाळ टेकतात."

असं काहीबाही बोलायचा आणि वर स्वतःच हसायचा. शिडीवर उभा राहून एका हाताने काचेवर पाणी मारायचा आणि ते वरपासून खालपर्यंत एका झटक्यात काढून घ्यायचा. काच अचानक उघडायची, त्यात रस्ता दिसायचा, रस्त्यात मी... आणि काचेतून तो माझ्याकडे बघायचा. सरळ बघायची हिंमत दोघांचीही नव्हती. काचेत मात्र खुशाल बघायचो.

"फोटो काढ ना, बघतेस काय?"

"उजेड नीट पडू दे."

"उजेड कधीचा पडलाय."

पडला होता खरा, माझ्या डोक्यात. मला हा माणूस आवडत होता. बिस्किटाचा शेवटचा तुकडा मला देताना तो दुसरीकडे बघायचा, म्हणजे मला नको म्हणता येऊ नये — तेही आवडत होतं. ज्या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं तिथे आता रोज सकाळी कुणीतरी "उशीर केलास" म्हणायला थांबलेलं असायचं. एवढं सुख पचायची सवय नव्हती मला. सारखं वाटायचं, कुठेतरी माशी शिंकणार.

आणि शिंकलीच.

प्रदर्शनाला थोडे दिवस उरले होते. मी स्टुडिओत मान खाली घालून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोतून त्याची मेहुणी पुसत होते. बाहेर दर्शनी काचेवर पाणी पडल्याचा आवाज आला. वर बघितलं तर हा! लाल बादली, शिडी, दाढी अगदी गुळगुळीत. आमच्या स्टुडिओची काच त्याच्या फेऱ्यात नव्हती. ती कुणाच्याच फेऱ्यात नसावी, इतकी मळलेली असायची. मला चकित करायला आला होता, फुकट पुसून द्यायला. मी हात केला. त्यानेही केला. फेसातून त्याचं हसू तेवढं दिसत होतं.

त्याने वरून वायपर ओढला. अर्धी काच उघडली. आणि त्याचा हात तिथेच थांबला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. काचेच्या आत, खालच्या बाजूला काहीतरी बघत होता. वाकून बघत होता. हसू कुठे गेलं कळलंच नाही.

मी उठून पुढे गेले आणि वाकून बघितलं.

दर्शनी खिडकीत मालकीणबाईंनी नवे नमुने लावले होते. गिऱ्हाइकांना दाखवायला. दोन मोठे फोटो शेजारी शेजारी. डावीकडे बँकेची काच, आणि कडेला हसणारा तो. वर चिठ्ठी: 'आधी'. उजवीकडे तीच काच, तोच उजेड, आणि त्याच्या जागी नुसती रिकामी पायरी. वर चिठ्ठी: 'नंतर'. आणि दोन्हींच्या खाली, ठळक अक्षरांत आमच्या दुकानाची पाटी — 'नको असलेली माणसं पुसून मिळतील'.

"हे कुणी लावलं?" मी ओरडले.

"मी," मालकीणबाई बाहेर आल्या. "तुझ्या कॉम्प्युटरवर सापडले. काय सफाई आहे गं हाताला! तो बादलीवाला कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. का, काय झालं? तोंड असं का पडलं?"

मी दार उघडून धावले. शिडी नव्हती. बादली नव्हती. तो नव्हता. काचेवर अर्ध्या भागात फेस तसाच होता, आणि तो वाळून पांढरा होईपर्यंत मी फुटपाथवर उभी होते.

दुसऱ्या दिवशी तो ठरल्या जागी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याच्या रस्त्यावर दुसराच एक मिशीवाला काचा पुसताना दिसला.

"इथला कुठे गेला?"

"फेरा बदलून घेतला त्याने. मला म्हणाला, तू घे हा."

"कुठला घेतला?"

"मला काय माहीत बाई. शहर काय लहान आहे?" आणि मिशीवाल्याने काचेवर एक ओघळ तसाच सोडून शिडी उचलली.

बादलीवाला माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर असतं. त्याने नुसती शिडी उचलली होती. आणि त्याचं चुकलं काय होतं? ज्या मुलीसाठी हा माणूस दाढी करत होता, तिने त्याला रोज संध्याकाळी फोटोतून काढून टाकलं होतं, आणि हे त्याला भर रस्त्यात, पाटीवर वाचायला मिळालं होतं. मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, फोटो उतरवले, आणि म्हणाल्या, "आता इथे रडत बसू नकोस. शोध जा."

पण शोधायचं कसं? त्याचं घर मला माहीत नव्हतं. फोन नंबर मागायची वेळच आली नव्हती, रोज तर भेटायचो. मग डोकं चाललं. तो कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, पण तो कुठून गेला ते काचा सांगणार होत्या! ओघळ नाही, कोपरे कोरडे, वरपासून खालपर्यंत एका हाताने काढलेली काच... ती मी हजारांत ओळखली असती.

मी चालत सुटले. कामावर दांड्या मारल्या. ज्या गल्ल्यांना घाबरायचे त्या गल्ल्यांत शिरले. मळकी काच दिसली की पुढे, ओघळवाली दिसली की पुढे. रस्ता ओलांडायला आडोसा शोधणारी मी, मधोमध उभी राहून बसला हात करून थांबवत होते. न्हाव्याला विचारलं, घड्याळवाल्याला विचारलं, एका शिंपीणबाईला विचारलं. त्या म्हणाल्या, "काचवाला ना? आताच गेला. आज गप्प होता बिचारा." मी तिथून पळतच निघाले.

पियानो विकणाऱ्या दुकानाबाहेर तो शिडीवर होता. दाढी वाढलेली.

"अहो ऐकता का," मी म्हणाले. एकेरी बोलायचा धीर झाला नाही.

काचेतूनच त्याने मला बघितलं. वळला नाही. "कशाला आलीस?"

"विचारपूस करायला."

"तुझं उलटं आहे," तो म्हणाला. "पूस आधी करून झाली. विचार आता करतेयस."

मला हसायला यावं की रडायला, कळेना. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

"चेहरा बघितला नव्हता रे मी," मी म्हणाले. "खरंच. तू कोण आहेस, कसा आहेस, काही बघितलं नव्हतं. कडेला माणूस आला की माझा हात चालतो. तू होतास म्हणून नाही पुसलं..."

"तेच तर!" तो आता वळला. "भांडून पुसलं असतंस, तोंड आवडत नाही म्हणून पुसलं असतंस, तरी चाललं असतं. बघितलंसुद्धा नाहीस? दोन महिने? मी रोज दाढी केली गं!"

त्याच्या त्या वाक्यावर पियानोच्या दुकानातला माणूस आतून बाहेर डोकावला.

"रविवारी प्रदर्शन आहे," मी कसंबसं म्हणाले. "मूळ फोटो लागतायत. न पुसलेले. एकदा ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्या भिंतीवर तू आहेस ते बघून जा."

"रविवारी माझी आई येतेय गावाहून. तिला ते फोटोच बघायचेत." तो शिडीची पायरी उगाच पुसत होता. "तिला काय सांगू? की ती मुलगी माझे फोटो काढत नव्हती, मला फोटोंतून काढत होती?"

तो पुन्हा काचेकडे वळला, आणि या वेळी काचेतूनही त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी वाचनालयाचं दालन गच्च भरलं होतं. माझे पाच फोटो शेवटच्या भिंतीवर, चांगले दारापेक्षा रुंद केलेले. लोक येत होते, छान छान म्हणत होते, मालकीणबाई प्रत्येकाला मी त्यांच्या हाताखालची असल्याचं सांगत होत्या. माझं लक्ष दाराकडे. मला बक्षीस नको होतं, कौतुक नको होतं. त्याने यावं. एकदा यावं. दार उघडलं की मी टाचा उंचावायचे आणि बंद झालं की खाली टेकवायचे. दुपार कलली, गर्दी पातळ झाली, आणि मी मनाची समजूत घालायला लागले... तेवढ्यात दारातून एक ठेंगणी, चटपटीत बाई आत आली. पर्स काखोटीला, चष्मा हातात. तिच्या मागे तो. दाढी केलेला!

मी भिंतीला टेकले.

त्याची आई माझ्याकडे न बघता सरळ फोटोंकडे गेली. चष्मा लावला. पहिला बघितला, दुसरा बघितला. "डावा कान आलाच शेवटी," म्हणाली. तिसऱ्यापाशी थांबली, चौथ्यापाशी हसली. "बिस्कीट खातोय बघ कसा, मेला." तो तिच्या मागे उभा होता. स्वतःचे एवढाले फोटो बघून त्याने तोंड उघडलं होतं ते मिटायचं विसरला होता. मला वाटलं, झालं. एवढंच हवं होतं मला. आता तो गेला तरी चालेल. पण ते खोटं होतं, आणि मला ते कळत होतं.

"आणि ही कोण?" आईने अचानक विचारलं.

"कोण?"

"ही. काचेत."

मी जवळ गेले. बुटांच्या दुकानाची काच. काचेत चौक, बस, माणसं... आणि मधोमध, पुसट पण स्पष्ट, डोळ्याला कॅमेरा लावलेली एक मुलगी. मी! मी दुसरा फोटो बघितला. पावांच्या मधून मी. फुलांत मी. चष्म्यांच्या रांगेत मी, बँकेच्या दारात मी. पाचही फोटोंत तो कडेला होता, आणि पाचही फोटोंच्या मधोमध मी होते. फोटो माझे, कॅमेरा माझा, आणि मला पत्ता नाही. मूळ फोटो उघडले तेव्हाही मला फक्त तो दिसला होता.

"'नंतर'च्या फोटोत तूही नव्हतीस," तो हळूच म्हणाला. त्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "त्या दिवशी मी नुसता स्वतःला शोधत होतो. रागात होतो. पियानोच्या दुकानापासून तू गेलीस आणि मग आठवलं. काचेतली मुलगीपण नव्हती."

खरं होतं. प्रत्येक फोटोतून आधी मी स्वतःला पुसायचे आणि मग कडेच्या माणसाला. आधी स्वतःला! ते तर मला कधी काम वाटलंच नव्हतं. चष्म्यावरची धूळ पुसावी तसं व्हायचं ते.

त्याच्या आईने चष्मा काढला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "ह्याला पुसलंस ते कळलं बाई मला. ह्याने सांगितलंय सगळं. हा अनोळखी होता," ती म्हणाली. "पण स्वतःला का गं पुसत होतीस?"

या शहरात आल्यापासून मला इतकं सरळ कुणी काही विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवत नाक ओढत राहिले, आणि त्या बाईने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. तो बाजूला उभा राहून एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

त्याच वेळी एक आजीबाई आमच्या मध्ये घुसल्या. हातात भाजीची पिशवी, आवाज खणखणीत. "पोरी, हे फोटो तुझे का? छान आहेत हो. पण हा बादलीवाला का म्हणून मध्ये मध्ये येतोय? कोण हा?"

दालनातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मालकीणबाईंनी बघितलं. त्याच्या आईने बघितलं. 'कुणी नाही हो, असाच मध्ये आला' हे उत्तर माझ्या ओठांवर कायमचं तयार असायचं. मी नाक पुसलं.

"मध्ये नाही येत तो," मी म्हणाले. "माझा आहे."

बोलून गेले आणि मलाच असा धक्का बसला, की रुमाल हातातून गळून पडला. मालकीणबाईंनी 'अगं!' केलं. आजीबाई "असं होय" म्हणून पुढच्या भिंतीकडे गेल्या. त्याच्या आईने पर्सची चेन फर्रकन ओढून बंद केली आणि अगदी बारकाईने छताकडे बघायला लागली. आणि वाऱ्यावादळात शिडीवर ताठ उभा राहणारा तो, वाचनालयाच्या सपाट फरशीवर, माझ्याकडे येता येता अडखळला. मी हात धरला म्हणून पडला नाही.

हात सुटेना. तोही सोडेना. काच नव्हती मध्ये. आम्ही सरळ एकमेकांकडे बघत होतो.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. आधीपेक्षा मोठ्यांदा, अगदी त्या आजीबाईंना पलीकडच्या भिंतीपाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. या वेळी मात्र मी दचकले नाही.